काटा.लॅन कुठे हरवतं? जिनिंगमधल्या सर्व्हरवरचा नावांचा घोळ

धरणगावच्या बाजूच्या एका जिनिंग-प्रेसिंगमधलं हे काम. गेटवर वजनकाटा, ऑफिसात हिशोब, मागे गाठींचं गोदाम. काट्यावरचा कॉम्प्युटर ब्राउझरमध्ये काटा.लॅन हे पान उघडतो. भरल्या ट्रॅक्टरचं वजन, रिकाम्याचं वजन आणि ओलाव्याचा आकडा थेट ऑफिसातल्या सर्व्हरवर जातो. कपाशीचा हंगाम भरात आला की गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, आणि अशा वेळी पान उघडलं नाही तर शेतकरी ताटकळतो. तक्रार नेहमी एकाच वाक्यात यायची, "काटा उघडस नही, भाऊ." कधी सकाळी, कधी दुपारी. गेटवरचा राउटर बंद-चालू केला की चालू व्हायचं, म्हणून दोन महिन्यांत दोन राउटर बदलून झाले होते. दोष राउटरमध्ये नव्हताच.

मांडणी साधी होती. फायबरवाल्याने बसवलेला डबा, पत्ता १९२.१६८.१.१, सगळ्यांना आयपी वाटणारा तोच. एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून, ४ जीबी रॅम, त्यावर उबंटू सर्व्हर २२.०४, पत्ता १९२.१६८.१.२. नावांचं काम, म्हणजे काटा.लॅनसारख्या नावाचा आकडी पत्ता सांगण्याचं डीएनएसचं काम, त्यावर डीएनएसमास्क या प्रोग्रॅमकडे, फाइल शेअरिंगचं सांबा या प्रोग्रॅमकडे. ऑफिसात सहा पीसी, दोन प्रिंटर. गेटपर्यंत ८५ मीटर केबल (तांब्याच्या केबलवर इथरनेटची मर्यादा १०० मीटर, त्यामुळे केबल हद्दीत होती) आणि तिच्या टोकाला एक वायफाय राउटर.

नावाचा दोष आहे की नेटवर्कचा, हे आधी वेगळं करावं लागतं. काट्याच्या पीसीवरून १९२.१६८.१.२ ला पिंग केलं, म्हणजे सर्व्हर ओ देतो का ते पाहिलं, उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत. ब्राउझरमध्ये नावाऐवजी हाच आकडा टाकला तर पान लगेच उघडलं. केबल ठीक, स्विच ठीक, सर्व्हर जागा. म्हणजे नावाचा आकडा करून देणाऱ्या साखळीतच कुठेतरी गोची होती.

इथे बहुतेक जण एक प्रश्न विचारतात: नाव सापडतंय का? आम्ही दुसरा विचारतो: उत्तर कोण देतंय? कारण एकच नाव एका मशिनीवर चार वाटांनी सापडू शकतं. विंडोजमध्ये पिंग हा प्रोग्रॅम विंडोजची कॅश (आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा) बघतो, होस्ट्स फाइल (नाव-पत्त्यांची साधी यादी) बघतो, डीएनएसला विचारतो, आणि नाव बिनटिंबाचं असेल तर शेवटी एलएलएमएनआर आणि नेटबायॉस या पद्धतींनी साऱ्या लॅनवर हाका मारतो. एनएसलुकअप हा नाव तपासणारा प्रोग्रॅम मात्र तडक डीएनएसकडेच जातो. म्हणून पिंग चालतं आणि एनएसलुकअप फसतं, किंवा उलटही होतं, आणि नुसत्या पिंगवर विसंबलेला माणूस गोंधळतो. लिनक्सवर हाच फरक गेटएंट आणि डिग या दोन प्रोग्रॅममध्ये आहे: गेटएंट एनएसस्विच.कॉन्फ फाइलीत ठरवलेला क्रम पाळतो, डिग पाळत नाही.

ऑफिसातले लोक म्हणत होते, "आमच्याकडे तर सर्व्हर दिसतो." दिसत होता, कारण ते हिशोब या छोट्या नावाने शेअर उघडत होते, आणि त्या हाकेला सांबा नेटबायॉसवरून ओ देत होता. डीएनएस मेलेलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. गेटवर तसं होत नव्हतं. तिथला राउटर त्याच्या वॅन पोर्टमधून (बाहेरचं नेट जोडायची जागा) जोडलेला होता, म्हणजे त्याच्या मागे वेगळंच जाळं, १९२.१६८.०.० चं. हाका राउटर ओलांडत नाहीत. गेटचा सगळा भरवसा डीएनएसवर होता.

काट्याच्या पीसीवर एनएसलुकअप काटा.लॅन. असं विचारलं. शेवटचा टिंब मुद्दाम दिला. तो दिला नाही तर एनएसलुकअप आधी मागे डोमेनचं शेपूट लावून विचारतो आणि उत्तर वाचताना फसायला होतं. उत्तर आलं: असं डोमेन अस्तित्वात नाही, अर्थात एनएक्सडोमेन. विचारलं कोणाला? १९२.१६८.०.१, गेटचा राउटर. आता लॅपटॉप त्याच राउटरला लावून त्यालाच डिगने तोच प्रश्न केला, आणि जे हवं होतं ते उत्तराच्या खालच्या भागात सापडलं. ऑथॉरिटी सेक्शनमध्ये एकच एसओए ओळ (नावांच्या झोनची मुख्य नोंद) होती: सुरुवातीला नुसता टिंब, मग ७१ हजार आणि काही सेकंदांचा टीटीएल (उत्तर अजून किती वेळ साठवायचं तो आकडा), मग ए.रूट-सर्व्हर्स.नेट. तो एकटा टिंब म्हणजे रूट झोन. जिनिंगच्या चार भिंतींतलं नाव थेट जगाच्या मुळाशी विचारलं गेलं होतं, आणि तिथून प्रामाणिक उत्तर आलं होतं की लॅन नावाचं काही नाही.

तिथे प्रश्न गेला कसा? फायबरच्या डब्यात आयपी वाटपाच्या पानावर पहिला डीएनएस १९२.१६८.१.२ होता आणि दुसरा ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक डीएनएस. "सर्व्हर बंद पडला तर निदान नेट चालावं" म्हणून कोणीतरी भरलेला. ही चूक आम्ही इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिच्याबद्दल पोटतिडकीने लिहावंसं वाटतं. दुसरा डीएनएस हा पहिल्याला माहीत नसलेली नावं सांगणारा मदतनीस नाही. पहिला गप्प बसला तरच दुसऱ्याला विचारलं जातं, आणि दुसऱ्याने "असं नाव नाही" म्हटलं की ते पूर्ण उत्तर धरलं जातं. पुन्हा पहिल्याकडे कोणी जात नाही. ८.८.८.८ ला तुमच्या जिनिंगचा काटा माहीत असायचं काही कारण नाही.

तक्रार लाइट जाऊन आल्यावरच यायची, त्याचं कारण असं. लाइट आली की राउटर ४० सेकंदांत उठतो. जुना डेस्कटॉप सर्व्हर उठून डीएनएसमास्क सुरू व्हायला दोन मिनिटं घेतो. मधल्या वेळात काट्याचा पीसी उघडलेला, ब्राउझरचं पहिलं पान काटा.लॅन. गेटचा राउटर १९२.१६८.१.२ ला विचारतो, तो गप्प, मग ८.८.८.८ बोलतो: नाही. आणि हे "नाही" राउटर जपून ठेवतो. नकारही कॅशमध्ये राहतो, हे अनेकांच्या लक्षात नसतं. किती वेळ राहावा ते एसओए ओळ ठरवते, आणि रूट झोनचा तो आकडा ८६४०० सेकंद आहे, पुरते २४ तास. लॅपटॉपवर दिसलेले ७१ हजार म्हणजे चारेक तास उलटले होते. पहाटे लाइट आल्याची वेळ जुळली. राउटर बंद-चालू केला की कॅश पुसली जायची, तोवर सर्व्हर जागा झालेला असायचा आणि काटा उघडायचा. म्हणून सगळ्यांची खात्री पटली होती की राउटरच खराब आहे.

दुरुस्ती तीन ठिकाणी केली. गेटच्या राउटरचं आयपी वाटप बंद करून त्याला १९२.१६८.१.३ हा पत्ता दिला आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये घातली. तो आता नुसता वायफायचा खांब झाला. डब्याचं आयपी वाटपही बंद केलं आणि ते काम डीएनएसमास्ककडे दिलं: १९२.१६८.१.१०० ते १९९, मुदत १२ तास, ऑप्शन ६ मध्ये डीएनएस म्हणून फक्त १९२.१६८.१.२. इथे एक खड्डा आहे. ऑप्शन ३, म्हणजे गेटवे, लिहिला नाही तर डीएनएसमास्क स्वतःचाच पत्ता गेटवे म्हणून वाटतो आणि सगळ्यांचं नेट बंद पडतं. तो १९२.१६८.१.१ असा स्पष्ट लिहावा. जुनं वाटप बंद केल्याशिवाय नवं चालू करू नये. दोघं एकाच वेळी वाटत बसले की कोणाला कुणाचं मिळालं ते शोधण्यात दिवस जातो.

डीएनएसमास्कच्या फाइलीत नो-रिझॉल्व्ह टाकलं आणि बाहेरचे दोन डीएनएस सर्व्हर= अशा ओळींनी दिले. बाहेरचे पत्ते लिहायची जागा ही. पीसीवर ते दिसता कामा नयेत. लोकल=/लॅन/ या ओळीने लॅनचं एकही नाव बाहेर जाणार नाही याची हमी मिळते. डोमेन-नीडेड आणि बोगस-प्रिव्हही चालू केले, म्हणजे बिनटिंबाची नावं आणि खासगी पत्त्यांच्या उलट्या चौकश्याही आतच थांबतात. नावांसाठी सर्व्हरची होस्ट्स फाइल वापरायची नाही, हेही ठरवलं, आणि त्याला कारण आहे. उबंटू आणि डेबियन इन्स्टॉल करताना त्या फाइलीत १२७.०.१.१ समोर मशिनीचं स्वतःचं नाव लिहून ठेवतात. डीएनएसमास्क ती ओळ वाचतो आणि साऱ्या ऑफिसला सांगतो की हिशोब १२७.०.१.१ वर आहे. मग प्रत्येक पीसी स्वतःच्याच दारावर थाप मारत बसतो. नो-होस्ट्स लिहून वेगळी फाइल अ‍ॅडन-होस्ट्सने जोडली. तीत बदल केला की डीएनएसमास्कला एसआयजीएचयूपी हा सिग्नल पाठवला तरी पुरतं. फाइल पुन्हा वाचली जाते आणि कॅशही रिकामी होते.

पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसचं दार, त्याचा झगडाही इथलाच. उबंटूवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही तिची स्वतःची नाव शोधणारी सेवा १२७.०.०.५३ वर आधीपासून बसलेली असते, आणि डीएनएसमास्क सगळ्या पत्त्यांवर ५३ मागतो तेव्हा "पत्ता वापरात आहे" म्हणून उठतच नाही. एसएस -एलयूएनपी दिलं की कोण बसलंय ते दिसतं. डीएनएसस्टबलिसनर=नो केलं, रिझॉल्व्ह.कॉन्फची जुनी लिंक काढून त्यात १२७.०.०.१ लिहिलं. ही दुसरी पायरी विसरली तर लॅनला नावं मिळतात, पण सर्व्हरला स्वतःला मिळतीलच असं नाही आणि अपडेट अडकू शकतात.

दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या दोन पीसींवर काटा.लॅन पुन्हा गायब. बाकी चारांवर ठीक. सर्व्हरवर टीसीपीडम्प (जाळ्यावरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम) लावून पोर्ट ५३ वर कान ठेवला आणि बिघडलेल्या पीसीवर नाव टाईप केलं. पडद्यावर एक ओळही आली नाही. चांगल्या पीसीवर टाईप केलं, लगेच दोन ओळी, प्रश्न आणि उत्तर. अशी शांतता खूप काही सांगते: सर्व्हर चुकीचं उत्तर देत नव्हता, त्याला कोणी विचारतच नव्हतं. त्या पीसीवर एनएसलुकअप दिलं तर वरच सर्व्हरचा पत्ता होता एफई८०::१. फायबरचा डबा.

आयपीव्ही४ चं वाटप आम्ही बंद केलं होतं, पण डबा आयपीव्ही६ वर राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट पाठवत होता आणि तीत स्वतःला डीएनएस म्हणून जाहीर करत होता. विंडोज १० मध्ये २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून ही घोषणा ऐकली जाते. ज्या पीसींवर पूर्वी कोणीतरी आयपीव्ही६ ची खूण काढून टाकली होती ते चार वाचले, उरलेले दोन फसले. आयपीकॉन्फिग /ऑल मध्ये डीएनएस सर्व्हर्सच्या यादीत दोन पत्ते दिसतात, वरचा आयपीव्ही६ चा. घाईत फक्त खालचा वाचला जातो. आम्हीही पहिल्या दिवशी तो वाचायला हवा होता.

डब्यातली ती सेटिंग ग्राहकाच्या लॉगिनला बंद होती. प्रत्येक पीसीवर आयपीव्ही६ बंद करणं हा तोडगा टिकत नाही, नवा लॅपटॉप आला की पुन्हा तेच. म्हणून डबा आणि ऑफिसचा स्विच यांच्यामध्ये स्वतःचा राउटर टाकला. त्याच्या वॅनमध्ये डबा, लॅनमध्ये स्विच. डब्याच्या घोषणा वॅनच्या दारातच थांबतात. नव्या राउटरला आतल्या बाजूला १९२.१६८.१.१ हाच पत्ता दिला आणि डब्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१००.१ केला, दोन्ही बाजूंना एकच जाळं राहिलं तर राउटर गोंधळतो. नव्या राउटरचं आयपीव्ही४ वाटप आणि आयपीव्ही६ ची लॅनकडची घोषणा, दोन्ही बंद. मग प्रत्येक पीसीवर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस, आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, कारण त्याची कॅश वेगळी असते.

मोबाइलची अडचण छोटी, पण दर आठवड्याला विचारली जाते. अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएसला एखाद्या सेवेचं नाव भरलेलं असेल तर फोन, सहसा पोर्ट ८५३ वरून, थेट बाहेर विचारतो, आतली नावं त्याला मिळत नाहीत. ब्राउझरमधल्या सिक्युअर डीएनएसचंही तेच. ज्यांना काटा.लॅन मोबाइलवर हवंय त्यांनी ते ऑटोमॅटिक किंवा बंद ठेवावं.

मग एक वेगळाच दिवस आला. रात्रभर लाइट नव्हती. सकाळी काटा उघडला, हिशोब उघडला, पण बँक उघडेना, जीएसटीचं पान उघडेना, काहीच बाहेरचं नाही. आधीच्या तक्रारीच्या बरोबर उलट. आकड्याने बाहेर पिंग जात होतं. सर्व्हरला डिगने बाहेरचं नाव विचारलं: सर्व्हफेल, म्हणजे उत्तर देता येत नाही. तोच प्रश्न +सीडी लावून विचारला, उत्तर लगेच आलं. सीडी म्हणजे चेकिंग डिसेबल्ड, सह्या तपासू नकोस. सह्या न तपासता उत्तर मिळतंय आणि तपासून मिळत नाही, म्हणजे डीएनएससेकची (उत्तरांवरच्या डिजिटल सह्या तपासायची पद्धत) पडताळणी फसतेय. सर्व्हरवर डेट टाईप केलं आणि कारण समोर आलं: घड्याळ दोन वर्षांहून जास्त मागे होतं.

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल काढला. वर कापसाची बारीक तंतूधूळ बसलेली, मीटरवर १.९ व्होल्ट; नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो. वीज गेली की घड्याळ मूळपदावर जायचं आणि सुरू होताना सिस्टमडी ते निदान स्वतःच्या बिल्डच्या तारखेपर्यंत ओढून आणायचा, म्हणून ते फार जुनं न दिसता दोनेक वर्षंच मागे होतं. डीएनएससेकच्या प्रत्येक सहीला कधीपासून आणि कधीपर्यंत अशी मुदत असते. दोन वर्षांपूर्वीच्या घड्याळाला आजची प्रत्येक सही भविष्यातली वाटते, आणि रूटपासूनच अविश्वास सुरू होतो. त्यामुळे सही नसलेली डोमेनंही अडतात, कारण "इथे सही नाही" याचा पुरावाही सहीनेच मिळतो.

घड्याळ आपोआप का सुधारलं नाही? वेळ आणायचं काम क्रोनीकडे होतं, आणि क्रोनीला दिलेले टाइम सर्व्हर नावाने होते. नाव सापडायला वेळ बरोबर हवी, वेळ मिळायला नाव सापडायला हवं. गाठ सोडवायला क्रोनीच्या फाइलीत एक सर्व्हर आकड्याने लिहिला, १६२.१५९.२००.१, क्लाउडफ्लेअरची वेळसेवा. मेकस्टेप १ ३ ही ओळ आहे याची खात्री केली, म्हणजे सुरुवातीच्या तीन दुरुस्त्यांत घड्याळ उडी मारून जागेवर येतं, हळूहळू सरकत बसत नाही. डीएनएसमास्कला डीएनएससेक-टाइमस्टॅम्प दिलं. त्यात एका फाइलीवरची तारीख ठेवली जाते आणि घड्याळ तिच्या पुढे जाईपर्यंत सह्यांच्या मुदती तपासल्या जात नाहीत. ती फाइल डीएनएसमास्कच्या स्वतःच्या युजरला लिहिता येईल अशाच फोल्डरमध्ये हवी. आम्ही आधी ईटीसीमध्ये ठेवली आणि सेवा सुरूच होईना, कारण रूटचे अधिकार सोडून झाल्यावर तो ती बनवतो. आणि अर्थात नवा सेल बसवला.

यानंतर चाचणी जेवणाच्या सुट्टीत घेतली. सर्व्हर, राउटर, स्विच, डबा यांचा एमसीबी खाली पाडला आणि दहा मिनिटं तसाच ठेवला. वर केला तेव्हा काट्याच्या पीसीवर पान मुद्दाम लगेच उघडलं. पहिले दोन मिनिटं "सर्व्हर सापडत नाही", अपेक्षेप्रमाणे, कारण सर्व्हर उठायचा होता. नंतर कोणी काही न करता, पान पुन्हा लोड केल्याबरोबर काटा आला. नकार साठवून ठेवणारं आता मध्ये कोणी नव्हतं. सेल काढूनही एकदा चालवून पाहिलं. बाहेरची नावंही आली.

एक काम उरलंय. सर्व्हर उठेपर्यंतची दोन मिनिटं आणि तो कायमचा पडला तर काय, यासाठी दुसरा डीएनएस हवाच, पण तो हीच नावं जाणणारा हवा. गोदामात रास्पबेरी पाय ४ ठेवून त्यावरही डीएनएसमास्क चालवायचा, नावांची फाइल दर तासाला सर्व्हरवरून त्याच्याकडे न्यायची आणि ऑप्शन ६ मध्ये दोघांचे पत्ते द्यायचे, असं ठरलंय. पाय ४ वर घड्याळाचा सेल मुळातच नसतो. म्हणून क्रोनीतली आकडी ओळ आणि टाइमस्टॅम्पची फाइल, दोन्ही तिथे पहिल्याच दिवशी बसवायच्या आहेत.